दर्यावरील दस्तक

मराठवाड्यांतील हिंगोली जिल्ह्यांत, औंढा नागनाथ तालुक्यांत, जवळा बाजार हें गांव आहे. नांवाप्रमाणेंच तें बाजाराचें गांव. तेथील कृषि उत्पन्न बाजार समितीच्या आवारांत हंगामाच्या दिवसांत तुरीचीं, हरभऱ्याचीं, सोयाबीनचीं पोतीं येऊन पडतात. लिलाव होतो, मापाडी माप करतो आणि शेतकऱ्याच्या हातीं काटापट्टी पडते. त्या कागदाच्या चिठोऱ्याची किंमत तेथील शेतकऱ्यास कोणी समजावून द्यावी लागत नाहीं. वजन किती भरलें, भाव काय मिळाला, हमाली व तोलाई किती कापली, हें सारें तिच्यावर लिहिलेलें असतें. आणि पुढें तंटा झालाच, तर तीच त्याची साक्षीदार.

आतां अशी कल्पना करावी कीं, आवार नाहीं, काटा नाहीं, मापाडी नाहीं. शेताला बांध नाहीं कीं सातबाऱ्याचा उतारा नाहीं. आणि पीक तर असें कीं, तें आज एकाच्या शेतांत असतें व उद्यां आपण होऊन दुसऱ्याच्या शेतांत चालत जातें. समुद्रावरील मासेमारीचा धंदा हा असा आहे. म्हणूनच दर्यावर कोण गेला, कोठें गेला, त्यानें काय धरलें व किती धरलें, ह्याची नोंद ठेवणें ही राज्यकर्त्यांची फार जुनी चिंता. आणि ती नोंद आपल्याच विरुद्ध वापरली जाईल, ही दर्यावर्दी माणसाची तितकीच जुनी भीति. अलीकडे हें नोंदीचें काम इलेक्ट्रॉनिक यंत्रांकडे आलें आहे. नौकेवर उपग्रहाशीं बोलणारी पेटी बसते, आकाशांतून ड्रोन पाहतो, कांहीं देशांत जाळें ओढतांना कॅमेराहि चालूं असतो. यंत्रें नवीं आहेत. त्यांनीं उभा केलेला प्रश्न मात्र पांचशें वर्षांचा आहे.

सोळाव्या शतकाच्या आरंभीं पोर्तुगीजांनीं हिंदी महासागरांत 'कार्ताझ' नांवाचा परवाना चालूं केला. त्या कागदावर जहाजाचें व नाखव्याचें नांव, जहाजावरील माणसें, हत्यारें आणि जाण्याचें ठिकाण लिहिलेलें असे. जहाजानें पोर्तुगीजांच्या बंदराला लागून जकात भरावी, ही त्यांतील मुख्य अट. कागद जवळ नसेल, तर जहाज आणि माल दोन्ही जप्त. ज्या समुद्रावर अरब, गुजराथी व मलबारी व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या कोणास न विचारतां ये-जा करीत, त्यावर वाट चालण्यासाठीं परक्याची चिठ्ठी लागूं लागली.

पुढें दोनशें वर्षांनीं कोंकणच्या किनाऱ्यावर कान्होजी आंग्रे ह्यांनीं तेंच शस्त्र परकीयांवर उलटविलें. मराठी आरमाराचे हे सरखेल १७२९ सालीं वारले. तोंपर्यंत त्यांच्या दस्तकावांचून ह्या किनाऱ्यावरून माल नेणें धोक्याचें होऊन बसलें होतें. इंग्रजांनीं त्यांस चांचे म्हटलें. परंतु परक्यानें दिला तो परवाना आणि घरच्या धन्यानें दिला ती चांचेगिरी, हा न्याय कांहीं खरा नव्हे. दोन्हीं कागदांचें मर्म एकच होतें. ज्याच्या हातीं तोफा, त्याच्या हातीं नोंदवही. आणि दाखल्यानें जें संरक्षण मिळे, तें बव्हंशीं दाखला देणाराच्याच तोफांपासून!

हा सगळा खटाटोप व्यापारी जहाजांसाठीं होता. किनाऱ्यालगत मासे धरणाऱ्या कोळ्याची होडी ह्या कागदी व्यवहाराच्या बाहेरच राहिली. त्याची नोंदवही तांडेलाच्या डोक्यांत असे. एखादा डोंगरमाथा आणि त्याच्या पुढचें देऊळ एका रेषेंत आलें. दुसऱ्या बाजूस एखादें बेट आणि भूशिराचें टोंक एका रेषेंत आलें. ह्या दोन रेषा जेथें एकमेकींस छेदतात, तेथें मासळीची जागा. शाळेंतील मुलगा जी गोष्ट भूमितीच्या पुस्तकांत शिकतो, ती निरक्षर तांडेल डोळ्यांनीं साधीत असे. ह्या खुणा बाप मुलाला सांगे, शेजाऱ्याला सांगत नसे. सोनें-नाणें नसलेल्या घराची ती पुंजी होती. यंत्राच्या नोंदीविषयीं कोळीवाड्यांत आज जो संशय दिसतो, त्याचें एक मूळ येथें आहे, हें पुढें ध्यानांत ठेवावें लागेल.

इंग्रजी अमलांत सरकारचें लक्ष मासळीकडे फार उशिरां वळलें. १८९७ च्या मत्स्य कायद्यानें सुरुंग लावून किंवा पाण्यांत विष कालवून मासे मारण्यास बंदी घातली. १९२१-२२ सालीं 'विल्यम कॅरिक' नांवाच्या वाफेच्या ट्रॉलर जहाजानें मुंबईच्या समुद्राची पाहणी केली. परंतु एकंदर किती मासळी निघते, ह्याचा शास्त्रीय हिशेब मांडण्याची सोय स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरच झाली. ३ फेब्रुवारी १९४७ रोजीं केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था स्थापन झाली आणि तिनें पुढील काळांत मोजणीची एक पद्धति बसविली. प्रत्येक होडीची टोपली मोजणें अशक्य. म्हणून कांहीं बंदरें, कांहीं दिवस व त्या दिवशीं लागलेल्या कांहीं नौका निवडावयाच्या, त्यांवरील मासळी मोजावयाची आणि त्यावरून साऱ्या किनाऱ्याचा अंदाज बांधावयाचा. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, ती हीच. ही पद्धति जगांत नांवाजली गेली. तथापि तिला एक मर्यादा होती. किनाऱ्याला काय लागलें, हें ती सांगे. तें नेमकें कोठें धरलें आणि धरलेल्यापैकीं काय मेलेलें समुद्रांतच फेंकून दिलें, ह्याची पक्की साक्ष तिच्यापाशीं नव्हती.

ही साक्ष नसल्याचा दोष यंत्रनौका वाढल्यावर उघडा पडला. शिडाच्या जागीं इंजिन आलें, सुताच्या जागीं नायलॉन आलें, तळ खरवडणारें ट्रॉल जाळें आलें आणि पाठोपाठ माशांच्या अख्ख्या थव्याला वेढा घालून खालून दोरी आवळणारें पर्ससीन जाळें आलें. १९७६ च्या केंद्रीय कायद्यानें बारा सागरी मैलांपर्यंतचा प्रादेशिक समुद्र व दोनशें मैलांपर्यंतचें अनन्य आर्थिक क्षेत्र अशी आंखणी केली. बारा मैलांच्या आंतील मासेमारीचें नियमन राज्याकडे आलें आणि त्यासाठीं महाराष्ट्रानें १९८१ चा सागरी मासेमारी नियमन अधिनियम केला. कागदावर सीमा स्वच्छ होत्या. पाण्यावर मात्र रेघ उमटत नाहीं. पारंपरिक मच्छीमार म्हणे, मोठी नौका आमच्या हद्दींत शिरून जाळीं तोडून गेली. नौकेचा मालक म्हणे, आम्ही हद्दीबाहेर होतों. रात्रीच्या अंधारांत शपथेविरुद्ध शपथ, असा हा खटला चालावयाचा. साक्षीदार दोनच: एक दर्या आणि दुसरी मासळी. दोन्ही मुकीं.

दरम्यान मासळी आटत चालल्याचीं चिन्हें दिसूं लागलीं. ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशानें राज्यानें पर्ससीन जाळ्यांवर कडक निर्बंध घातले. २०१७ च्या नोव्हेंबरांत केंद्र सरकारनें प्रखर एल.ई.डी. दिव्यांच्या झोतावर मासे गोळा करून धरण्यास बंदी केली. तरीहि २०१९ सालीं महाराष्ट्राचें सागरी उत्पादन २ लाख १ हजार टनांवर घसरलें. मागील पंचेचाळीस वर्षांतील तो नीचांक होता. त्या वर्षींचीं वादळें हें त्याचें एक कारण खरें. पण सगळें खापर वाऱ्यावर फोडतां येणार नव्हतें. २०२१ सालीं जुन्या अधिनियमांत दुरुस्ती होऊन एल.ई.डी. मासेमारीचा दंड पांच लाखांपासून वीस लाख रुपयांपर्यंत वाढविण्यांत आला. दंड वाढला, तशी पुराव्याची गरजहि वाढली. वीस लाखांचा दंड कोणाच्या नुसत्या सांगण्यावरून करतां येत नाहीं.

परंतु नौकेवर यंत्र बसविण्याची निकड प्रथम भासली ती मासळीमुळें नव्हे, तर रक्तपातामुळें. नोव्हेंबर २००८ मध्यें 'कुबेर' ही पोरबंदरची मासेमारी नौका दहशतवाद्यांनीं भर समुद्रांत बळकावली, तिच्यावरील माणसें ठार केलीं आणि तिच्याच आश्रयानें ते मुंबईपाशीं येऊन पोंचले. हजारों नौकांत एक नौका मिसळली, कीं ती ओळखतां येत नाहीं, हें भयंकर सत्य त्या रात्रीं देशाला कळलें. त्यानंतर नौकांची एकसारखी नोंदणी, राज्याराज्यांचे ठरलेले रंग, मच्छीमारांस बोटांच्या ठशांसह ओळखपत्रें आणि मोठ्या नौकांवर स्वयंचलित ओळख-यंत्रें अशी मालिका सुरू झाली. हेतु योग्यच होता. पण कोळ्याच्या मनावर त्याचा ठसा वेगळा उमटला. ज्या घटनेंत पहिला बळी मच्छीमाराचा गेला, त्याच घटनेनें तो स्वतः संशयिताच्या रांगेंत उभा राहिला, असें त्यास वाटलें.

यंत्राची दुसरी बाजू दाखविली ती वादळानें. ३० नोव्हेंबर २०१७ रोजीं 'ओखी' चक्रीवादळ केरळ व तामिळनाडूच्या दक्षिण किनाऱ्यावर आदळलें. इशारे निघाले, तेव्हां कित्येक नौका अगोदरच दूर समुद्रांत गेल्या होत्या. भ्रमणध्वनीचे मनोरे किनाऱ्यापासून कांहीं मैलांवरच मुके होतात. त्यापलीकडच्या माणसाला हांक मारण्याचें साधनच नव्हतें. शेंकडों घरांचे कर्ते पुरुष परतले नाहींत. त्याच दिवसांत अडुसष्ट नौका आणि नऊशें बावन्न खलाशी सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला सुखरूप लागले. त्यांपैकीं बहुतेक नौका केरळच्या होत्या. आपलें माणूस जिवंत आहे, हें शेंकडों मैलांवरच्या त्या घरांना तेव्हां कळलें. मधल्या दिवसांत त्या घरांत काय झालें असेल, हें सांगावयास नको. नौकेचें स्थान कोणास तरी ठाऊक असणें म्हणजे केवळ पाळत नव्हे, तो जीवदोराहि असतो, हा धडा ओखीनें दिला.

ह्या दोन्ही धड्यांतून पुढील योजना जन्मास आली. ३० ऑगस्ट २०२४ रोजीं पालघर येथें पंतप्रधानांच्या हस्तें नौकांच्या दळणवळण व साहाय्य-यंत्रणेचा देशव्यापी आरंभ झाला. सुमारें ३६० कोटी रुपये खर्चून तेरा किनारी राज्यें व केंद्रशासित प्रदेशांतील एक लाख नौकांवर टप्प्याटप्प्यानें ट्रान्सपॉण्डर बसवावयाचे आणि नौकामालकाकडून त्याचें मोल घ्यावयाचें नाहीं, अशी ती योजना. हें उपकरण भारतीय अवकाश संशोधन संस्थेनें घडविलेलें आहे. तें नौकेचें अक्षांश-रेखांश ठरवितें आणि ठराविक अंतरानें तें स्थान उपग्रहामार्फत किनाऱ्यावरील केंद्राकडे धाडतें. विशेष हा कीं, हा संवाद दोन्ही बाजूंनीं चालतो. 'नभमित्र' ह्या प्रणालीच्या द्वारें खलाशाच्या भ्रमणध्वनीवर त्याच्या स्वतःच्या भाषेंत हवामानाचा इशारा येतो, मासळी कोठें मिळण्याचा संभव आहे तें कळतें, सागरी सीमा जवळ आल्याची सूचना मिळते. आणि संकट आलें, तर एक कळ दाबून तो मदत मागूं शकतो.

सीमेच्या सूचनेचें मोल पालघर जिल्ह्याला विशेष आहे. तेथील खलाशी गुजरातच्या नौकांवर कामाला जातात. न दिसणारी हद्द ओलांडल्याच्या आरोपावरून पाकिस्तानच्या तुरुंगांत वर्षानुवर्षें अडकून पडलेल्या भारतीय मच्छीमारांत तेथील माणसांचाहि समावेश राहिला आहे. अशा घराला ही सूचना म्हणजे नुसतें सरकारी कागदपत्र नव्हे.

पालघरच्या ह्या समारंभानंतर साडेचार महिन्यांच्या आंत, ९ जानेवारी २०२५ पासून, महाराष्ट्रानें आकाशांतूनहि डोळा ठेवण्यास प्रारंभ केला. शिरगांव, उत्तन, गोराई, ससून गोदी, रेवदंडा, श्रीवर्धन, मिरकरवाडा, साखरी नाटे आणि देवगड अशा नऊ ठिकाणांहून ड्रोन उडूं लागले. विनापरवाना नौका, बंद हंगामांतील मासेमारी, परराज्यांतून घुसलेले ट्रॉलर व दिव्यांवरची मासेमारी टिपावी आणि तें चित्रण पुराव्यादाखल उपयोगीं पडावें, हा त्यामागील हेतु. शपथेविरुद्ध शपथ हा जुना खटला आतां चित्रानें निकालांत निघावा, अशी अपेक्षा आहे. पारंपरिक मच्छीमारांची अशा गस्तीची मागणी जुनीच होती. म्हणजे ज्या समाजाला यंत्राची भीति, त्यालाच यंत्राची आसहि आहे; आणि ह्यांत विसंगति मुळींच नाहीं. जें यंत्र बलवंताच्या जाळ्याची वाट अडवितें तें त्याला हवें असतें, आणि जें त्याच्याच कनवटीला हात घालतें तें नको असतें.

हा अनुभव आपल्याच देशांतला आहे असें नव्हे. कॅनडांतील ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावर खेंकडे धरण्यासाठीं समुद्रतळाशीं पिंजरे सोडून ठेवतात. दुसऱ्याचे पिंजरे रातोरात उचलण्याची चोरी तेथें इतकी बोकाळली कीं, अखेर हेकेट सामुद्रधुनीच्या परिसरांतील खेंकडेवाल्यांनीं स्वतःच पुढाकार घेतला. १९९९ पासून त्यांच्या नौकांवर कॅमेरे आले व प्रत्येक पिंजऱ्याला इलेक्ट्रॉनिक खूण लागली. पिंजरा वर येतांच तो कोणाचा, हें यंत्र ओळखूं लागलें. खर्चहि त्यांनींच सोसला. कारण सरळ होतें: तो कॅमेरा त्यांच्या मालाचा राखणदार होता. त्याच प्रांतांत २००६ पासून गळानें तळाचे मासे धरणाऱ्या नौकांवरहि कॅमेरे आले. पण नोंद लिहिण्याचा मान मच्छीमाराकडेच ठेवला गेला. तो आपली वही लिहितो आणि चित्रणाचा सुमारें दहावा हिस्सा तपासून वहीशीं ताडून पाहतात. मेळ बसला, तर त्याचीच वही प्रमाण. न बसला, तर सगळें चित्रण तपासावयाचें. प्रामाणिक माणसाला ह्यापेक्षां अधिक काय हवें?

हौशी मासेमारीलाहि तिकडे हिशेबांतून सूट नाहीं. अमेरिकेच्या अलाबामा राज्यांत २०१४ पासून हौसेखातर 'रेड स्नॅपर' मासा धरणाऱ्यानेंहि आपल्या नौकेवरील माशांची संख्या शासनाला कळवावयाची असते. भ्रमणध्वनीवरून तें काम क्षणांत होतें. हजारों हौशी गळ मिळून एका मोठ्या जाळ्याएवढी मासळी उचलतात, ही गोष्ट त्या लोकांनीं ओळखली. आपल्याकडे पवईच्या तलावासारख्या जागीं गळ टाकून बसणारे हौशी लोक पुष्कळ आहेत. त्यांचा विचार अद्याप धंद्याच्या हिशेबांत होत नाहीं. पण तो फार काळ टाळतां येईल असें नाहीं.

आतां पुन्हां कोंकणाकडे वळून त्या जुन्या भीतीचा विचार केला पाहिजे. ती वेडगळ मुळींच नाहीं. तांडेलानें शेजाऱ्यालाहि न सांगितलेली जागा पेटी दर तासाला कोठें तरी लिहून ठेवूं लागली, तर ती वही कोण पाहणार? ती एखाद्या मोठ्या भांडवलवाल्याच्या हातीं पडली, तर पिढ्यांची पुंजी एका रात्रींत लुटली जाईल. यंत्र बिघडलें आणि नोंद तुटली, तर तो अपराध धरावयाचा कीं अपघात? मोठी नौका यंत्र बंद करून निसटली आणि लहान होडी तेवढी नोंदींत सांपडली, तर चोर सोडून संन्याशाला सुळीं दिल्यासारखें होईल. ह्या प्रश्नांचीं उत्तरें यंत्रांत नाहींत. तीं नियमांत व नियम चालविणाऱ्यांच्या नीतींत आहेत.

४ नोव्हेंबर २०२५ रोजीं केंद्र सरकारनें अनन्य आर्थिक क्षेत्रांतील मासेमारीचे नियम प्रसिद्ध केले. यंत्रचलित व मोठ्या नौकांना तेथें जाण्यासाठीं संगणकावरून प्रवेशपत्र घ्यावें लागेल. तें विनामूल्य आहे, पारंपरिक लहान नौकांना त्यांतून सूट आहे, आणि मच्छीमारांच्या सहकारी संस्थांना प्राधान्य आहे. कार्ताझ, दस्तक आणि हें प्रवेशपत्र ह्यांतील साम्य इतिहासाच्या वाचकाला दिसल्यावांचून राहणार नाहीं. फरकहि तितकाच मोठा आहे. कार्ताझ परक्यानें आपल्या जकातीसाठीं काढला होता. हें पत्र समुद्रांतील मासळी नातवंडांस उरावी म्हणून स्वतंत्र देशानें काढलें आहे. पण हा फरक कागदावर आपोआप टिकत नाहीं, तो दर हंगामांत राखावा लागतो. ज्याची नोंद होते, त्याला ती पाहतां आली पाहिजे; त्याच्या हातींहि तिची प्रत पाहिजे; आणि दंडाच्या वेळीं जशी ती त्याच्या विरुद्ध निघते, तशी नुकसानभरपाईच्या, विम्याच्या व कर्जाच्या वेळीं ती त्याच्या बाजूनेंहि निघाली पाहिजे. सातपाटीच्या सहकारी संस्था पापलेट वजनाप्रमाणें प्रत लावून घेतात; ती वही कोळ्याला जाचक वाटत नाहीं, कारण तींत त्याचें येणें लिहिलेलें असतें. २०२३ सालीं राज्यमासा ठरलेल्या ह्या पापलेटचें रक्षण अखेर अशाच वहीवर अवलंबून राहील.

हा सारा विषय समुद्राचा, म्हणून जवळा बाजारच्या लोकांना परका, असेंहि म्हणतां येत नाहीं. त्यांच्याच तालुक्यांत पूर्णा नदीवर सिद्धेश्वर धरण आहे. ती नदी पुढें गोदावरीला मिळते आणि तिच्यासंगें बंगालच्या उपसागरास जाते. धरणांच्या पाण्यांत जाळें टाकणाऱ्या मच्छीमाराचीहि नोंद आतां ११ सप्टेंबर २०२४ रोजीं सुरू झालेल्या राष्ट्रीय मत्स्य डिजिटल मंचावर होऊं शकते. त्याला उपग्रहाची पेटी नको. त्याचें गांव त्याला किनाऱ्यावरूनच हांक मारूं शकतें. परंतु आपण किती धरलें, कोणास विकलें व काय मिळालें, ह्याचा विश्वासू कागद त्यालाहि हवाच आहे. बाजाराच्या आवारांतील शेतकरी काटापट्टी घडी करून खिशांत ठेवतो, ती तिच्यावरील आंकडे त्याच्या देखत लिहिले गेले म्हणून. दर्यावरच्या पेटीनें तेवढा विश्वास कमावला, म्हणजे तिला कोणी पाळत म्हणणार नाहीं.